जिना क्रमांक दोन

परवानगी मागण्याची चाल चष्मेवाल्यांच्या घराण्यात नव्हती. आप्पांनी चष्म्यांचं दुकान काढलं ते आजोबांना न विचारता. त्यांच्या धाकट्या मुलाने त्या दुकानाची अर्धी जागा मोबाइलवाल्याला दिली ती आप्पांना न विचारता. आणि थोरल्याने राहतं घर पाडलं ते कोणालाच न विचारता. आत्या तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. काठी टेकत परत आली तर तिच्या खोलीच्या जागी आकाश होतं. थोरला म्हणाला, "आत्या, किती मोकळं वाटतंय बघ आता!"

'आधी पाडू, परवाना काय, येईलच,' हा थोरल्याचा हिशोब होता. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथले वासे भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून फिरायला गेले, ते गेलेच. परवाना मात्र जागचा हलला नाही. थोरल्याची पालिकेत ओळख होती आणि ती ओळख तो नव्या अंगठीसारखी सतत नाचवत असे. प्रत्यक्षात ओळखीचा माणूस पाणीपट्टी खात्यात होता, आणि बांधकाम खातं कितव्या मजल्यावर आहे एवढंच तो छातीठोकपणे सांगू शकत होता. फाइल दर वेळी नवा शेरा घेऊन परत यायची. थोरला तो शेरा घरच्यांना अशा थाटात वाचून दाखवायचा, की पालिकेने मानपत्रच दिलंय असं वाटावं.

आज मात्र स्थळपाहणी होती. शेवटचा अडथळा. पालिकेचा निरीक्षक प्लॉटवर येणार, नकाशा जागेशी ताडून बघणार, सहमालकांना समोरासमोर विचारणार, आणि कोणाची हरकत नसेल तर फाइल सहीला जाणार. एकाने जरी हरकत घेतली तर ती विधी विभागात जाणार. विधी विभागात गेलेल्या फायलीबद्दल पालिकेत दबक्या आवाजात बोलतात, परदेशी गेलेल्या आणि पुन्हा पत्र न आलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मुकादमाने सकाळीच रिकाम्या प्लॉटवर फक्कीने अख्खं घर आखून ठेवलं होतं. भिंत म्हणजे पांढरी रेघ, दार म्हणजे रेघेत सोडलेली फट. साहेबांना या रेघांमधून फिरता यावं म्हणून ही पद्धत. पण थोरला सकाळपासून त्या रेघांमध्ये राहायलाच आला होता.

"अगं, भिंतीतून काय येतेस? दार तिकडे आहे!"

थोरली हातात चहाचा थर्मास घेऊन थबकली. "अहो, भिंत आहे कुठे?"

"असेल ना! आत्तापासून सवय लाव. आणि रेघ पुसू नकोस, साहेब येताहेत."

थोरलीने मान डोलावली, वळसा घेतला, फटीतून आत आली आणि थर्मास जमिनीवर ठेवला. "इथे ठेवू का?"

"तिथे संडास आहे."

थर्मास उचलला गेला. थोरला दिवाणखान्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रस्त्याला लागून असलेली ही खोली नकाशात सगळ्यांत मोठी होती. दोन बाजूंना खिडक्या, समोर थेट रस्त्यावर उघडणारं मुख्य दार. तळमजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, असं ठरलं होतं. म्हणजे थोरल्याने ठरवलं होतं आणि धाकट्याला कळवलं होतं. जिथे आप्पांची आरामखुर्ची असायची तिथे आता आपला सोफा, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भरून आलं. स्वतःबद्दल त्याला अधूनमधून असं भरून येत असे.

"सगळे आले की एकदा नीट सांगतो," तो म्हणाला. "आज प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं. 'हरकत नाही.' त्याच्या पुढे नाही, मागे नाही."

"आणि आत्यांचं काय?" थोरलीने आवाज खाली घेतला. "त्यांनी काही काढलं तर?"

"आत्याचं मी बघितलंय."

"त्या कोपऱ्याचं त्यांना सांगितलंत ना नीट?"

"सांगितलं म्हणजे... समजावलंय."

थोरलीचं समाधान झालं. नवऱ्याने सांगणं आणि समजावणं यांत काय फरक असतो हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात पक्कं कळलं होतं, पण समजावून घेणारी व्यक्ती आपण नसलो की ती त्यात पडत नसे.

*

जमीन मूळची आजोबांची. त्यांच्या मागे निम्मी मुलाची, निम्मी मुलीची. मुलगा म्हणजे आप्पा. त्यांची निम्मी थोरल्या-धाकट्याकडे आली. मुलगी म्हणजे आत्या. म्हणजे या प्लॉटवर सगळ्यांत मोठा हिस्सा जिचा होता, तिला थोरल्याच्या भाड्याच्या घरात चपलांच्या स्टँडशेजारी खाट मिळाली होती. 'एकट्या जिवाला लागतं किती!' हे वाक्य या कुटुंबात इतक्यांदा म्हणून झालं होतं, की ते आता मालमत्तेच्या उताऱ्यावर चढवायचंच काय ते बाकी होतं.

घर पाडल्यापासून दुकानाच्या माडीवर राहणारे धाकटा आणि धाकटी स्कूटरवरून आले. धाकट्याचे केस गळून टाळू चष्म्याच्या भिंगासारखी चमकायला लागली होती, तरी घरात त्याला अजून छोटू म्हणत. त्याचं स्वतःचं असं मत नव्हतं. शेवटी जो बोलेल त्याचं ते याचं. त्यामुळे दोन्ही बाजूंना त्याच्याशी शेवटी बोलण्याची घाई असायची.

धाकटीने स्कूटरवरून उतरताच डोक्याचा रुमाल सोडला आणि सरळ मागच्या कोपऱ्याकडे निघाली. वाटेत ती दिवाणखान्याची भिंत, थोरलीची बेडरूम आणि स्वयंपाकघराचा ओटा तुडवत गेली.

"अगं, दारातून!" थोरला ओरडला.

"तुमचं घर आहे दादा, तुम्ही दारातून या. मी माझ्या जिन्याकडे चाललेय."

जुन्या घरात जिना एकच होता आणि तो थोरलीच्या स्वयंपाकघरासमोरून वर जायचा. लग्न होऊन आल्यापासून धाकटी त्या जिन्याने चढली-उतरली, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला. 'आज लवकर?' 'आज उशीर?' 'पिशवी जड दिसतेय.' 'माहेरचे आले होते वाटतं, चार चपला होत्या.' ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाईला बायकांच्या चौकशांची सवय असते, पण तिथे निदान चौकशी करणारी खुर्चीत बसलेली असते आणि तिच्या भुवईला दोरा लावता येतो. म्हणून नकाशाची गोष्ट निघाली तेव्हा धाकटीने एकच अट घातली होती. वर जायला स्वतंत्र जिना. मागून, बाहेरच्या बाहेर. थोरला म्हणाला होता, 'पक्का. नकाशातच दाखवतो, म्हणजे तुझी खात्री.' आणि नकाशात खरंच होता. 'जिना क्रमांक दोन.'

तो आता जमिनीवर होता. मागच्या कोपऱ्यात एक सणसणीत चौकोन आणि त्याच्या आत ओळीने आडव्या रेघा, एकेक पायरी. धाकटीचा ऊर भरून आला. इकडेतिकडे बघून तिने पहिल्या रेघेवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. पर्स खांद्यावर सरकवून, एका हाताने नसलेला कठडा धरून ती सपाट जमिनीवर जिना चढू लागली.

अर्ध्यावर आली तेव्हा समोर आत्या उभी होती. काखेत घडीची खुर्ची, हातात काठी.

"काय गं, काय करतेस?"

"चढून बघतेय आत्या. पायऱ्या जरा अरुंद वाटतात नाही?"

आत्याने खाली बघितलं.

"माझ्या खोलीत पायऱ्या कोणी आखल्या?" तिने विचारलं.

*

आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला यंत्र, समोर भोकांची पाटी, हातात वायर. एकीकडचा माणूस, दुसरीकडचा माणूस, मधे ती. लाइन जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. या धंद्यात माणूस दोन गोष्टी शिकतो. पहिली, लोक खोटं बोलतात. दुसरी, दोन माणसांना वेगवेगळं खोटं सांगणारा तिसरा माणूस त्या दोघांची लाइन कधीही जुळू न देण्याच्या खटपटीत असतो.

घर पाडल्यावर तिने आदळआपट केली नव्हती. दोनच गोष्टी मागितल्या होत्या. तळमजला, कारण गुडघा. आणि बाहेर उघडणारं स्वतःचं दार, कारण आयुष्यभर तिने असं दार दुसऱ्यांच्याच घरांत बघितलं होतं. थोरल्याने खुर्ची जवळ ओढून समजावलं होतं. 'आत्या, खोली दाखवली की तिचं क्षेत्रफळ मोजतात, मग आपली मर्यादा ओलांडते. जिन्याचं मोजत नाहीत. म्हणून कागदावर जिना दाखवायचा. परवाना आला की तिथे तुझी खोली. सगळे असंच करतात.' सगळे असंच करतात, हे खरं होतं. आत्याने संमती दिली होती.

"तुमची खोली?" धाकटी चौथ्या पायरीवरून म्हणाली. "आत्या, हा माझा जिना आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"दादांनी. तुम्हाला?"

"त्यानेच."

दोघींच्या डोक्यात एकच विचार एकाच वेळी आला, आणि घराण्याच्या इतिहासात हे बहुधा प्रथमच घडत होतं. मग धाकटीने पर्स काखेत मारली आणि पायऱ्या न उतरता, थेट बाजूला उडी मारून, दिवाणखान्याकडे चाल केली.

"दादा! जरा इकडे या."

"हळू बोल. साहेब येतील."

"येऊ देत. त्या चौकोनात काय आहे?"

"जिना."

"आणि आत्यांना खोली म्हणून कोणी सांगितलं?"

नकाशा घेऊन नुकत्याच पोचलेल्या आर्किटेक्टला थोरल्याने खूण केली. हा तरुण आर्किटेक्ट बोलायला लोण्यासारखा होता. घर बांधणाऱ्या प्रत्येक माणसाला तो 'होऊन जाईल' म्हणायचा. प्रत्येकाला आपलं होऊन जाईल असं वाटायचं, आणि तोवर त्याचं होऊन गेलेलं असायचं.

"मॅडम, असं बघा," तो नकाशाची गुंडाळी छातीशी धरून म्हणाला, "दोन्ही होऊन जाईल."

"एका चौकोनात? जिना आणि खोली?"

"म्हणजे... टप्प्याटप्प्याने."

"आधी मी चढायचं आणि मग आत्यांनी झोपायचं, की उलट?"

धाकट्याला हसू आलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा ते गेलं.

"दादा, पण तू जिना पक्का म्हणाला होतास," तो म्हणाला.

"छोटू, तू मधे पडू नकोस."

"नाही, तसं नाही. पडत नाही."

आत्या काठी टेकत येऊन पोचली होती. ती दारातून आली. तिच्या एकटीच्याच लक्षात राहिलं होतं. "रागावू नकोस रे," ती थोरल्याला म्हणाली. "मला फक्त खरं काय ते सांग. खोली की जिना?"

थोरल्यावर सोडलं असतं तर कदाचित वेळ निभावली असती. पण थोरलीला नवऱ्याची बाजू सावरण्याची फार हौस होती, आणि ज्याची बाजू ती सावरे तो हमखास पडे.

"अहो आत्या, एवढ्याशा जागेत तुम्ही कुठे राहणार?" ती मायेने म्हणाली. "वारा नाही, उजेड नाही. तिथे आपलं वॉशिंग मशीन आणि सामानाची खोली करायचं आमचं कधीच ठरलंय."



"वॉशिंग मशीन," धाकटी म्हणाली.

"वहिनी, मशीन?" धाकटा म्हणाला.

"मी तसं म्हटलं नव्हतं," थोरला म्हणाला.

"तसंच म्हणालात," थोरली म्हणाली. आता तिलाही राग आला होता. "शपथ घेऊन म्हणालात! आत्याचं काय ते परवाना आल्यावर बघू, आणि धाकटीला सांगू की पालिकेने जिना उडवला. मग मला काय सांगितलं होतंत, तेही खोटंच का?"

एकच चौकोन थोरल्याने तीन बायकांना दिला होता, आणि तिघींपैकी कोणाला देताना त्याने हात आखडला नव्हता. काही माणसांना दातृत्वाची अशी देणगी असते.

"मग मी कुठे राहायचं?" आत्याने विचारलं. आवाज चढवला नाही. एक्स्चेंजमध्ये आवाज चढवायची मुभा नसते.

"कुठे म्हणजे?" थोरल्याने दोन्ही हात पसरले. त्याच्या मते ही संकटातून सुटण्याची वाट होती, आणि ती त्याने मोठ्या मनाने धरली. "अगं, एवढा हॉल आहे! तिथे दिवाण असणारच. रात्री तुझा, दिवसा सगळ्यांचा. हॉल तुझाच समज, आत्या. परक्यासारखं काय विचारतेस?"

"माझाच समजू?"

"अगदी! सगळ्यांसमोर सांगतो."

"बरं," आत्या म्हणाली.

थोरल्याने कपाळावरचा घाम पुसला. धाकटी काही बोलणार होती, पण तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली.

*

निरीक्षक किडकिडीत होता. खांद्याला झोळी, झोळीत टेप आणि एक जाडजूड पॅड. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच शेरा नव्हता. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या उरावर बसलेलं कुटुंब ओळीत उभं राहिलं आणि दात दाखवू लागलं. ओळीच्या टोकाला आत्या घडीच्या खुर्चीत बसली होती.

"साहेब, चहा?" थोरली थर्मास पुढे करत म्हणाली.

"नको."

"बिस्कीट तरी?"

"नको. एकत्र कुटुंब का?"

"एकदम!" थोरला म्हणाला. "साहेब, आमच्यात कधी 'तुझं-माझं' नाहीच."

"हं," निरीक्षक म्हणाला. "तेच जास्त भांडतात. म्हणून आता वरून हुकूम आहे. नुसतं 'हरकत नाही' चालत नाही. कोणता सहमालक कोणती जागा घेणार ते जागेवर उभं राहून सांगायचं, मी लिहिणार, खाली सगळ्यांच्या सह्या. मागाहून कोणी म्हणायला नको. आणि एकाचीही हरकत असली..."

"विधी विभाग," आर्किटेक्टने वाक्य पुरं केलं, आणि त्याला आपसूक शहारा आला.

"हो. मग माझं काम संपलं. तुमचंही."

थोरल्याने झुकून आत्याच्या कानाशी तोंड नेलं. "आत्या, हात जोडतो. जिना म्हण. फक्त जिना म्हण. सगळ्या घराचं तुझ्या हातात आहे." मग धाकट्याच्या कानाशी गेला. "छोटू, बायकोला सांभाळ." धाकट्याने मान हलवली. मग धाकटी त्याच्या दुसऱ्या कानाशी काहीतरी बोलली, आणि त्याने पुन्हा तितक्याच मनापासून मान हलवली.

निरीक्षकाने टेप काढला. हद्दी मोजल्या. रस्त्यापासूनचं अंतर मोजलं. मुकादम टेपाचं दुसरं टोक धरून फिरत होता आणि त्यांच्या मागून सगळं कुटुंब, मिरवणूक चुकल्यासारखं. वरातीमागून निघालेल्या घोड्यासारखा आर्किटेक्ट शेवटी. बेडरूम झाली. स्वयंपाकघर झालं. सगळे मागच्या कोपऱ्याशी येऊन थांबले.

"हे काय?"

"जिना क्रमांक दोन, साहेब," थोरला म्हणाला.

"दुसरा जिना कशाला?" निरीक्षकाने पायऱ्यांच्या रेघांकडे बघितलं. "पुष्कळ लोक जिना दाखवतात आणि खोली करतात. आम्हाला काय, दिसत नाही असं वाटतं."

"छे, छे! आमच्यात तसलं नाही."

"सहमालकांचं काय म्हणणं?" त्याने पॅड उघडलं आणि नेमकं आत्याकडे बघितलं. "आजी, तुमचा निम्मा हिस्सा दिसतोय. तुमची काही हरकत?"

थोरल्याने श्वास धरला. थोरलीने थर्मास धरला. धाकटीने आत्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विनंती कुठे संपते आणि धमकी कुठे सुरू होते ते तिलाही सांगता आलं नसतं. आता हिने खोली म्हटलं तर माझा जिना गेला, आणि फाइलही गेली, आणि मी जन्मभर दुकानाच्या माडीवर.

आत्या त्या चौकोनाकडे बघत होती. आत एक खाट, एक कपाट, खिडकीत रेडिओ, एवढं तिने केव्हाच मांडून ठेवलं होतं. पडदेसुद्धा ठरले होते. तिने एकेक करून सगळं उचललं.

"जिनाच आहे तो," ती म्हणाली. "लिहा. धाकट्याला वर जायला. खोली करायची नाही, सामान ठेवायचं नाही, मशीन ठेवायचं नाही. नकाशात आहे तस्साच बांधायचा. हरकत नाही."

धाकटीच्या तोंडातून 'आत्या' एवढंच निघालं. थोरल्याने सुटकेचा असा निःश्वास सोडला की पहिल्या पायरीची फक्की उडाली. थोरली तेवढी वॉशिंग मशीनसाठी हळहळली, पण तेही मनात.

"तुमचं?"

"हरकत नाही!" धाकटी म्हणाली. "आमची अजिबात नाही!" आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"नाही, नाही," धाकटा म्हणाला.

"हरकत नाही, साहेब," थोरला म्हणाला, आणि आत्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मी म्हणत नव्हतो? आमची आत्या म्हणजे देवमाणूस."

निरीक्षकाने लिहिलं आणि शेवटच्या खोलीकडे वळला. आत्याने खुर्ची मिटली, काखेत घेतली आणि काठी टेकत त्याच्या आधी निघाली. स्वयंपाकघराच्या फटीतून बाहेर, मधल्या बोळातून, दिवाणखान्याच्या आतल्या फटीतून आत. खोलीच्या बरोबर मध्यभागी तिने खुर्ची उघडली, हलवून पाय नीट बसलेत का बघितलं, आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"ही जागा?" निरीक्षकाने विचारलं.

"राहण्याची खोली."

"कोण घेणार?"

"मी," आत्या म्हणाली. "ती जागा मी सोडली ना, म्हणून ही. पुढच्या दारासकट. आत्ताच सगळ्यांसमोर ठरलंय."

थोरला हसला. म्हणजे हसण्याचा आवाज काढला. "साहेब, ते आपलं... कौतुकाने..."

"तुझेच शब्द आहेत, बाळा. हॉल तुझाच समज म्हणालास. मी समजले."

"आत्या, अगं, दिवाणावर म्हटलं होतं मी!"

निरीक्षकाने पेन पॅडवर टेकवून ठेवलं होतं. तो कोणाची बाजू घेत नव्हता. पावसाची वाट बघणाऱ्या माणसासारखा नुसता थांबला होता. "हरकत आहे का?" त्याने थोरल्याला विचारलं. "असेल तर सांगा. मग मी वेगळा कागद काढतो."

वेगळा कागद म्हणजे कोणता, हे आर्किटेक्टच्या चेहऱ्यावर छापलं होतं. त्याने थोरल्याकडे बघून मान अगदी बारीक हलवली. या माणसाला आयुष्यात प्रथमच काहीतरी होऊन जाणार नाही असं वाटत होतं.

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. "छोटू, अरे बोल की काहीतरी!"

धाकट्याच्या कानाशी शेवटी लागलेली व्यक्ती धाकटी होती. "आत्याचं बरोबर आहे, दादा," तो म्हणाला. "गुडघा आहे तिचा."

"अहो, आपला हॉल आहे तो!" थोरलीचा आवाज फाटला. "मग आम्ही घरात कुठून यायचं?"

"मागून या ना, वहिनी," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "आमच्या जिन्याखालून वाट आहे. या-जा कधीही. आज लवकर की आज उशीर, पिशवी जड की हलकी, मी मुळीच बघत बसणार नाही."

निरीक्षक थांबला होता. रस्त्यावर दोन शाळकरी मुली रेघांचं घर बघायला उभ्या राहिल्या होत्या. थोरल्याला आपला सोफा दिसला, तो कोणीतरी उचलून मागच्या दाराकडे नेत होतं. त्याला आपल्याबद्दल पुन्हा भरून आलं, आणि या खेपेला त्यात तथ्य होतं. सकाळी त्याने सगळ्यांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं. आता दुसरं कुठलं त्याला स्वतःलाही आठवेना.

"हरकत नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"हरकत नाही, साहेब."

निरीक्षकाने लिहिलं. सह्या झाल्या. आत्याने सही केली ती थोरल्याच्या पाठीवर कागद ठेवून, कारण टेबल नव्हतं आणि तोच जवळ वाकलेला होता. मोटारसायकल सुरू करण्याआधी निरीक्षक म्हणाला, "फाइल सहीला पाठवतो," आणि त्या दिवसातला पहिला चहा मागून घेऊन, उभ्या उभ्या प्यायला.

तो गेल्यावर दात एकदम आत गेले. थोरली बेडरूमच्या रेघेवर बसली आणि ती पुसली गेली तरी कोणी काही म्हटलं नाही. आर्किटेक्ट नकाशा गुंडाळून पसार झाला. धाकटी पुन्हा मागच्या कोपऱ्यात गेली होती आणि धाकट्याला जिना चढायला लावत होती. "पाय उचल नीट. हं. आता वळ."

थोरला मधल्या बोळात उभा होता. मग त्याला मोटार रस्त्यावर लावलीय हे आठवलं आणि तो खाली मान घालून दिवाणखान्यातून सरळ रस्त्याकडे निघाला.

"बाळा," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"काय?"

"इकडून कुठे? माझी खोली आहे ही."

"आत्या, आता पुरे हं. गाडी तिकडे आहे माझी."

"जा की. मी कुठे नाही म्हणते?" तिने काठीने आतल्या फटीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "पण आधी मागे जा, आणि दार वाजवून ये."

ती हसत नव्हती. रस्त्यावरच्या मुली अजून उभ्या होत्या. तो मागे फिरला, रेघेतल्या त्या हातभर फटीसमोर जाऊन थांबला, एकदा इकडेतिकडे बघितलं, आणि मूठ वर करून हवेवर दोनदा वाजवलं.

"कोण आहे?" आत्याने विचारलं.